छापायला टाकण्याआधी

पितृपक्ष लागला की बाकीची बाजारपेठ सुस्तावते. छापखान्यांना मात्र नेमकी त्याच वेळी मान वर करायला फुरसत नसते. दिवाळी अंकांचे फर्मे, नव्या वर्षाची कॅलेंडरं, फराळाचे बॉक्स, सराफांची पत्रकं, तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका, सगळं एकदम अंगावर येतं. पुण्याच्या पेठांमधल्या कुठल्याही छापखान्यात या दिवसांत अर्धा तास उभं राहावं. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून कुणीतरी हमखास म्हणत असतं, "पण मोबाइलवर तर केवढं छान दिसत होतं!"

म्हणणारा बहुधा लहान धंदेवाला असतो. मोठ्या कंपनीकडे जाहिरात संस्था असते, छपाईचं बघायला वेगळा माणूस असतो. लहान धंदेवाल्याकडे भाचा असतो. भाच्याला कॉम्प्युटर येतो, भाचा पैसे घेत नाही आणि भाच्याचं डिझाइन वाईटही नसतं. गोची होते ती ते पडद्यावरून कागदावर उतरताना. ग्राहक म्हणतो, "जरा उठावदार करा." डिझायनर म्हणतो, "थोडी मोकळी जागा राहू द्या." मशीनमन विचारतो, "ब्लीड कुठाय?" तिघंही मराठीच बोलतात, तरी एकाचं दुसऱ्याला कळत नाही.

हे शब्द शाळेतल्या व्याख्यांसारखे पाठ करण्यात काही हशील नाही. मात्र छापखान्यात वावरताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. इथल्या प्रत्येक शब्दामागे रक्कम उभी असते. ब्लीड, प्रूफ, जीएसएम, डाय यांचा निकाल आधी लागला नसेल, तर माल बिघडल्यावर भुर्दंड कुणी सोसायचा यावर वाद होतो, आणि त्या वादात शब्द माहीत असलेलाच जिंकतो.

कोथरूडला राहणाऱ्या एका बाईंच्या मागे मागे मी हे सगळं पाहिलं. त्या घरी गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी करतात. "नाव नका छापू, माझी फजिती वाचून गिऱ्हाइकं हसतील," म्हणाल्या, म्हणून इथे त्या नुसत्या ताई. आजवर ओळखीपाळखीत साध्या पाकिटातून विक्री व्हायची. आता दोन दुकानदार माल ठेवायला तयार झाले होते, पण त्यांना पाकिटावर व्यवस्थित लेबल हवं होतं. लेबल अर्थातच भाच्यानं केलं होतं.

छापखान्याच्या मालकांना सगळे काका म्हणतात. काकांनी मोबाइलवरचं लेबल बघितलं आणि डिझाइनबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, "किती हवीत? कशावर छापायची? कुठे चिकटणार? कधी पाहिजेत?" ताईंकडे फक्त शेवटच्याचं उत्तर होतं. वसुबारसेच्या आधी.

किती, हा प्रश्न पहिला का, ते छपाईच्या दोन पद्धतींत आहे. ऑफसेटमध्ये प्रत्येक रंगाची एक ॲल्युमिनियमची प्लेट बनते. शाई आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या तत्त्वावर तिचं काम चालतं. हे तत्त्व आलोइस सेनेफेल्डर या जर्मन नाटककारानं १७९६च्या सुमारास दगडावर छापताना शोधलं. प्लेटवरची शाई आधी रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. प्लेटा बनवायच्या, मशीनवर चढवायच्या, रंग जुळेपर्यंत काही ताव वाया घालवायचे, हा खर्च एक प्रत काढा नाही तर दहा हजार काढा, तेवढाच. डिजिटल छपाईत प्लेटच नाही, त्यामुळे पहिली प्रत आणि पाचशेवी प्रत एकाच भावाची.

काकांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. आकडे केवळ समजण्यापुरते होते. समजा ऑफसेटच्या प्लेटा आणि सेटिंगला ४,००० रुपये आणि पुढे लेबलामागे १ रुपया. ५०० लेबलं घेतली तर एक ९ रुपयांना पडतं, ५,००० घेतली तर १ रुपया ८० पैशांना. डिजिटलवर समजा सरसकट ६ रुपये. मग ८०० लेबलांपर्यंत डिजिटल परवडतं, त्यापुढे ऑफसेट. ताईंचा डोळा साहजिकच १ रुपया ८० पैशांवर गेला. काका म्हणाले, "ताई, पाच हजार लेबलं खपायला किती महिने लागतील? तोवर किंमत बदलली, तर काय करणार?" स्वस्त भावाच्या मोहापायी जास्त माल छापून घ्यायचा आणि मग जुन्या किमतीवर नवे स्टिकर चिकटवत बसायचं, हे दृश्य घरगुती उद्योगांत फार ठिकाणी दिसतं. ताईंनी प्रत्येक प्रकाराची ५०० ठरवली. पाकिटावरच थेट छापायचा विषय तिथेच मिटला, कारण त्या ग्रॅव्ह्युअर छपाईला प्रत्येक रंगाचा धातूचा सिलिंडर कोरावा लागतो. तो खर्च मोठ्या संख्येशिवाय वसूल होत नाही.

कशावर, याचं उत्तर मसाल्यानंच दिलं. लेबलांना सर्रास वापरतात तो क्रोमो स्टिकर, म्हणजे एका बाजूनं गुळगुळीत केलेला कागद. त्यावर रंग खुलतात, पण गोड्या मसाल्यात तेल असतं. बोटाचं तेल लागलं की कागदावर डाग फुटतो. म्हणजे वर लॅमिनेशन हवं, नाहीतर कागदाऐवजी न फाटणारा प्लॅस्टिकचा स्टिकर. मेतकुटाला आणि भाजणीला साधा क्रोमो पुरला असता, पण तिन्ही पाकिटं दुकानात शेजारी शेजारी बसणार. एक चकचकीत आणि दोन मळकट दिसून चालणार नव्हतं.

मग फाईल उघडली.

भाच्यानं लेबल ४ बाय ३ इंचाचं केलं होतं, पण त्यातलं वाटीतल्या मसाल्याचं छायाचित्र व्हॉट्सॲपवरून आलेलं होतं. छपाईसाठी छायाचित्राला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे ४ बाय ३ इंचाला १२०० बाय ९०० पिक्सेल. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दाबून लहान करतं. तीच फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते. हा एक धडा छापखान्याच्या दारावर पाटी करून लावावा, इतका रोजचा आहे. लोगोचं दुखणं वेगळं होतं. तो एका पांढऱ्या चौकोनात अडकलेली जेपीजी फाईल होता. त्याला मोठं केलं की कडा करवतीसारख्या दिसायच्या. लोगो व्हेक्टरमध्ये असावा लागतो, म्हणजे ठिपक्यांनी नव्हे तर रेषांच्या गणितानं साठवलेला. तोच लोगो मग बाटलीच्या बुचावर आणि टेम्पोच्या पाठीवर सारखाच धारदार उमटतो. ज्यानं लोगो केला त्याच्याकडून ही मूळ फाईल पैसे देतानाच मागून घ्यावी. आणि हक्कही लेखी घ्यावा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचं हस्तांतर सहीच्या कागदावरच होतं, तोंडी "लोगो तुमचाच की" याला अर्थ नाही. भाचा असला म्हणून काय झालं.

रंगांपाशी खरी रस्सीखेच झाली. ताईंना भगवा हवा होता, तोही पडद्यावर दिसतो तसा, डोळ्यांत भरणारा. मोबाइलचा पडदा प्रकाश फेकतो. तिथे लाल, हिरवा, निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून सगळे रंग होतात, याला आरजीबी म्हणतात. कागद प्रकाश फेकत नाही, शोषतो आणि उरलेला परत देतो. तिथे आकाशी, गुलाबीसर मजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांवर काम चालतं, ते सीएमवायके. पडद्यावरचे काही झळझळीत रंग या चार शायांच्या आवाक्यातच नाहीत. पोपटी, मोरपंखी आणि भगवा हे त्यातले नेहमीचे गुन्हेगार. पूर्ण पिवळ्यात साठ-सत्तर टक्के मजेंटा मिसळला की भगवा होतो, पण तो मातकट वाटतो. हवा तसाच पाहिजे असेल, तर पाचवी, आधीच मिसळून ठेवलेली शाई वापरावी लागते. तिला स्पॉट कलर म्हणतात. पॅन्टोन कंपनीनं १९६३ साली अशा शायांचं क्रमांकवार रंगपुस्तक काढलं. तेव्हापासून हा क्रमांक सांगितला की मुंबईतला आणि म्युनिकमधला छपाईवाला एकच रंग काढतो. पण पाचवी शाई म्हणजे पाचवी प्लेट, आणि पाचशे लेबलांसाठी तो हट्ट कुणी करत नाही.

चार शायांत सारं जग बसवण्याची ही सवय आपल्याकडे तशी अलीकडची. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना दगडावर छापायचा. तिथे एकेका देवीच्या तसबिरीला रंगागणिक वेगळा दगड लागे आणि रंग थरावर थर चढत. आजी-पणजीच्या देवघरातल्या त्या लक्ष्मी-सरस्वतींचे रंग असे चढलेले आहेत. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके या छापखान्याशी संबंधित होते. पुढे त्यांनी स्वतःचा छपाईचा धंदा केला आणि त्यासाठीची यंत्रविद्या समजून घ्यायला १९०९मध्ये जर्मनीला गेले. भागीदारांशी पटलं नाही म्हणून त्यांनी छपाई सोडली आणि सिनेमाला हात घातला. भागीदार जरा समजूतदार निघाले असते, तर आज आपण फाळक्यांना उत्तम मुद्रक म्हणून ओळखलं असतं.

ताईंचा भगवा शेवटी थोडा पिवळ्याकडे झुकवला. हळदीच्या अंगानं गेल्यावर चार शायांतही तो उजळ दिसला.

देवनागरीची अडचण मात्र इंग्रजी पुस्तकांतून छपाई शिकणाऱ्याला कुणी सांगत नाही. रोमन अक्षरं सुटी सुटी उभी राहतात. आपल्याकडे शिरोरेषा, वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि पोटात जोडाक्षर. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा बारीक मजकूर ठेवला की शाई पसरून अनुस्वार बुजतात आणि 'भाजणी'ची वेलांटी अर्धी गायब होते. त्याहून वाईट म्हणजे चारही शायांच्या मिश्रणातून केलेला काळा मजकूर. ताव मशीनमधून जाताना चार रंग तंतोतंत एकावर एक बसले पाहिजेत, त्याला रजिस्ट्रेशन म्हणतात. केसभर जरी सरकलं, तरी बारीक अक्षराच्या कडेला गुलाबी आणि निळी सावली दिसते. म्हणून मजकूर नेहमी नुसत्या काळ्या शाईचा ठेवायचा. मशीनमन भिंग लावून ताव बघत होता, तेव्हा त्यानं मलाही दाखवलं. नुसत्या डोळ्यांना सलग दिसणारा तपकिरी मसाला म्हणजे भिंगाखाली चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी नक्षी. आणि तावाच्या कडेला, कापून जाणाऱ्या भागात, चार रंगांच्या छोट्या फुल्या एकमेकींवर चपखल बसलेल्या. एक फुली हलली की तो मशीनचा नट फिरवतो आणि पुन्हा भिंग लावतो. हे सगळं एका हातानं, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास.

फॉण्टचं रामायण याहून जुनं. १८६९ साली सुरू झालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी मराठी वाचकाच्या डोळ्याला एक वळण लावलं. ते वळण आपण इतकं आपलं मानतो, की हिंदी वळणाचा 'ल' किंवा 'श' समोर आला की काहीतरी खटकतं, पण काय खटकलं ते सांगता येत नाही. डिझायनर इंटरनेटवरचा कुठलाही देवनागरी फॉण्ट उचलतो आणि कोकणातल्या काजूगराच्या पाकिटावर हिंदी पट्ट्यातला 'ल' येऊन बसतो. चोखंदळ गिऱ्हाइकाला ते पाकीट परगावचं वाटतं. युनिकोडच्या आधीचे फॉण्ट तर प्रत्येक कंपनीचे निराळे होते. एका संगणकावर 'गोडा मसाला' असलेलं दुसऱ्यावर उघडलं की चिनी-जपानी-संस्कृत मिश्रण दिसायचं. अजूनही अनेक छापखान्यांत जुने फॉण्ट चालतात, कारण वर्षानुवर्षांचं काम त्यांच्यात साठलेलं आहे. नव्या युनिकोड फॉण्टमध्येही 'दुसऱ्या'तला अर्धा र आणि 'ऱ्ह' जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तुटतात. म्हणून छापखानेवाले सांगतात, "कर्व्ह करून द्या." म्हणजे अक्षरांचं रेषांच्या आकृतीत रूपांतर करून टाका. मग ती कुठेही उघडली तरी बदलत नाहीत. पण त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, हेही लक्षात ठेवायचं. कर्व्ह करण्याआधीची एक प्रत जपून न ठेवणारा डिझायनर पुढच्या वर्षी पुन्हा पूर्ण काम लावतो आणि त्याचे पैसेही.

फॉण्टला परवाना लागतो, हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं. मात्र आता सोय आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेले 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉण्ट धंद्यासाठीही फुकट वापरता येतात, आणि विंडोजमधला 'मंगल' र. कृ. जोशींच्या हातचा. मंगल पडद्यावर वाचायला उत्तम, पण पाकिटावर तो सरकारी पत्रासारखा दिसतो, हे माझं वैयक्तिक मत. कमल शेडग्यांनी नाटकांची नावं रंगवली तेव्हा हाताशी फॉण्ट नव्हताच. नाटकाच्या स्वभावाप्रमाणे अक्षर घडायचं. लेबलावरचं उत्पादनाचं नाव तरी असं कुणाकडून काढून घ्यावं, असं मी ताईंना सुचवलं. काकांनी ते हसून टाळलं. वसुबारस जवळ येत होती.

कापाईच्या टेबलावर भाच्याची दुसरी चूक उघडी पडली. त्यानं लेबलाला चारी बाजूंनी बारीक सोनेरी किनार दिली होती, अगदी कडेला चिकटून. कापणीच्या मशीनचं पातं एका वेळी शेकडो ताव कापतं आणि तेवढ्या जाडीत मिलिमीटरभर इकडे-तिकडे होतंच. म्हणून पार्श्वभूमीचा रंग कापायच्या रेषेच्या ३ मिलिमीटर बाहेर सोडतात, हाच तो ब्लीड. आणि मजकूर त्या रेषेपासून निदान तेवढाच आत ठेवतात. किनार कडेला असली की कापल्यावर ती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक होते आणि डोळा नेमका तिथेच जातो. लग्नपत्रिका करणाऱ्यांना हा किनारीचा सोस फार, आणि पत्रिकेतली वाकडी किनार ही वधूपक्षाची कायमची तक्रार.

लेबलाचे कोपरे गोल हवे होते. म्हणजे डाय आली. लाकडी फळीत त्या आकाराची पोलादी पाती बसवून तयार होते ती डाय. स्टिकरला 'हाफ कट' द्यायचा असतो. वरचा कागद कापला जातो, खालचा मेणकागद शाबूत राहतो आणि लेबल सोलून काढता येतं. डायचे पैसे वेगळे. ही ओळ ताईंनी कोटेशनमध्ये वाचली नव्हती.

यानंतर कायदा. घरगुती उद्योजकांना डिझाइनपेक्षा हे जास्त जड जातं. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीसाठीचा संपर्क हे सगळं लेबलावर लागतं. अक्षरांची किमान उंचीही नियमात ठरलेली आहे. ग्रॅमचं इंग्रजी चिन्ह नुसतं 'जी', 'जीएमएस' नाही. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि हिरव्या चौकटीतला हिरवा भरीव ठिपका लागतो. भाच्यानं ठिपका भगवा केला होता, बाकी लेबलाशी जुळावा म्हणून. त्यानं नावापुढे वर्तुळातला 'आर'ही घातला होता, कारण तो भारी दिसतो. ते चिन्ह फक्त नोंदणी झालेल्या व्यापारचिन्हालाच लावता येतं. नोंदणी नसताना लावलं तर १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार दंड होऊ शकतो. नोंदणीचा अर्ज चालू असेल तर 'टीएम' लावावं. नोंदणी झाली की ती दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं.

दुकानदारानं बारकोडही मागितला होता. १३ अंकांचा तो पट्टा, शेवटचा अंक तपासणीचा. ८९० ही सुरुवात असली की क्रमांक बारकोड देणाऱ्या जीएस१ या संस्थेकडून भारतात घेतला, एवढाच अर्थ होतो. माल भारतातच बनला असा नव्हे. भाच्यानं बारकोडही रंगसंगतीत लालसर तपकिरी केला होता. दुकानातले बरेच स्कॅनर लाल प्रकाश टाकतात आणि लाल प्रकाशाला लाल रेषा दिसतच नाहीत. रेषा काळ्या, मागे पांढरं आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा ठेवली की बारकोड चालतो. १९९४ साली जपानमध्ये जन्मलेल्या क्यूआर कोडचंही तसंच. त्याच्याभोवतीची कोरी जागा डिझायनर मजकुरानं भरतो आणि मग फोन कोड ओळखत नाही.

मार्केटिंगच्या शब्दांवर मी फार वेळ घालवणार नाही. त्यांतले बरेच शब्द कागदावर मोठे आणि व्यवहारात लहान असतात. ब्रँड, टार्गेट ऑडियन्स, लीड, कन्व्हर्जन. घरून मसाला विकणाऱ्या बाईला कन्व्हर्जन म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. दहा जणींनी चव घेतली आणि चार जणींनी पाकीट नेलं, एवढंच ते. एक शब्द मात्र खरंच कामाचा, यूएसपी. अमेरिकेतल्या रॉसर रीव्ह्जनं तो रूढ केला. तुमच्या मालात असं काय आहे जे दुसऱ्याकडे नाही आणि ज्यासाठी गिऱ्हाईक हात पुढे करेल, हा प्रश्न. ताईंच्या लेबलावर लिहिलं होतं, 'शुद्ध, पारंपरिक, घरगुती चव'. शेजारच्या सगळ्या पाकिटांवर तेच. बोलता बोलता कळलं की त्या गोड्या मसाल्यात दगडफूल स्वतः निवडतात, आणि प्रत्येक खेप भाजल्यावर पंधरवड्यात संपवतात. तीच ओळ लेबलावर आली : 'भाजल्याची तारीख'. तिच्यासाठी ठळक चौकट ठेवली आणि ती हातानं भरायची ठरलं. माझ्या मते हा त्या लेबलावरचा सगळ्यात चांगला निर्णय, आणि तो डिझाइनमधून नव्हे, तर स्वयंपाकघरातून आला.

छापखान्यात थांबलेलो असताना शेजारच्या मशीनवर एका दिवाळी अंकाचा फर्मा चालू होता, आणि कागदाचा हिशेब खरा समजला तो तिथे. क्राऊन आकाराच्या अंकासाठी २० बाय ३० इंचाचा ताव घेतात. त्याला घडी घालून आठ पानं होतात, म्हणजे सोळा पृष्ठं. हा एक फर्मा. म्हणून संपादकाला १९३ पृष्ठांचा अंक काढता येत नाही. १९२ काढावा, नाहीतर अर्धा फर्मा वाढवून २००. लेखकांना वाटतं आपला लेख संपादकाच्या चोखंदळपणामुळे कापला गेला. अनेकदा तो फर्म्यात बसवण्यासाठी कापलेला असतो. १९२ पृष्ठांना प्रतीमागे १२ ताव, दोन हजार प्रतींना २४,००० ताव, म्हणजे ५०० तावांची ४८ रिमं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. ७० जीएसएमनं ही रिमं सुमारे ६५० किलो भरतात, ८० जीएसएमनं सुमारे ७४३ किलो. कागद किलोवर विकला जातो. "जरा जाड कागद घेऊ," असं संपादकानं सहज म्हटलं की ९० किलोच्या वर कागद वाढतो, आणि पोस्टाचा खर्च वेगळा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून संपादक आणि कागदाचा व्यापारी यांच्यात ही घासाघीस चालत आली असणार.

ताईंच्या लेबलाचं प्रूफ निघालं. काकांनी पडद्यावर दाखवून भागवलं नाही, त्याच स्टिकरवर एक नमुना काढून दिला. पडद्यावरचं प्रूफ मजकूर तपासायला चालतं, रंग तपासायला नाही. ताईंनी रंग बघितले, हिरवा ठिपका बघितला, बारकोड दुकानदाराकडून स्कॅन करून आणला आणि खाली सही केली : 'छापण्यास हरकत नाही'. या सहीला छापखान्यात फार मोल आहे. सहीआधीची चूक छापखान्याची, सहीनंतरची गिऱ्हाइकाची. सही करताना त्यांच्या सुनेनं सहज वाचलं तर पत्त्यातला पिनकोड चुकलेला. तिघांनी आधी वाचून काही सापडलं नव्हतं. आपण जे लिहिलंय तेच आपल्याला दिसतं, त्यामुळे प्रूफ नेहमी ज्यानं ते आधी पाहिलेलं नाही त्याला द्यावं. पिनकोड सुधारून नवा नमुना निघाला आणि त्यावर पुन्हा सही झाली.

काका सहीच्या बाबतीत इतके काटेकोर का, ते त्यांच्या कपाटात दिसलं. तिथे निवडणुकीच्या पत्रकांची प्रतिज्ञापत्रं नीट लावलेली होती. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. छापून घेणाऱ्याकडून दोन साक्षीदारांच्या सहीचं प्रतिज्ञापत्रही घ्यावं लागतं. उमेदवाराचा कार्यकर्ता रात्री अकराला येतो आणि म्हणतो, "सकाळपर्यंत पाच हजार द्या, कागदपत्रं नंतर." काका अशा वेळी शटर ओढतात. हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नसणार, पण त्याबद्दल ते बोलत नाहीत.

लेबलं वसुबारसेच्या चार दिवस आधी तयार झाली. गोड्या मसाल्याची मोजून ४८८ भरली. ताई रागावल्या. काकांनी कोटेशनमधली बारीक ओळ दाखवली : पाच टक्के कमी-जास्त. छपाईच्या धंद्यात ही रीत आहे, कारण कापताना आणि डाय मारताना काही नग जातातच. ताईंनी बिलातून बारा लेबलांचे पैसे वजा करून घेतले, ते त्यांना जमलं. मग त्यांनी बिलावर बोट ठेवलं.

"काका, डायचे पैसे मी दिलेत ना?"

"दिलेत की."

"मग डाय कुठे राहणार?"

"आमच्याकडेच राहते, ताई. पुढच्या वेळी लागेल."

"पुढच्या वेळी मी दुसरीकडे छापून घेतलं तर?"

काकांनी चष्म्यावरून बघितलं. बहुतेक गिऱ्हाइकं हे विचारत नाहीत, असं ते नंतर मला म्हणाले. मग त्यांनी बिलाच्या खाली लिहिलं, 'डाय गिऱ्हाइकाची, मागितल्यास परत'. ताईंनी ते वाचलं, फाईलची पेनड्राइव्हही मागून घेतली आणि पर्समध्ये टाकली. तोवर काकांनी त्याच ओळीखाली आणखी एक ओळ वाढवली : 'दोन वर्षांनंतर जबाबदारी नाही'.